वाळू उडते म्हणून

नेदरलँड्स म्हणजे पाणी, कालवे आणि हिरवीगार कुरणं. त्याच देशात वेलूवे भागात कोटवाइकरझांड नावाचं चक्क वाळूचं रान आहे. मध्ययुगापासून मेंढ्यांनी माळ ओरबाडला, शेतकऱ्यांनी खतासाठी जमिनीचा वरचा थर सोलून नेला आणि खालची वाळू वाऱ्यावर सुटली. ती थोपवायला पुढे पाइनची झाडं लावली. आता उलटी गंगा वाहते आहे. निसर्ग जपायचा म्हणून तीच झाडं काही ठिकाणी तोडतात, माती खरवडतात आणि वाळू पुन्हा मोकळी करतात! ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांत बोटाच्या पेराएवढे जीवही आहेत.

उघड्या वाळूवर आधी सूक्ष्म शैवाल येतं. त्यानं कण चिकटून पातळ खपली धरते. मग पॉलिट्रिकम नावाचं मॉस. त्याच्या पानापानाच्या टोकाला पांढरा केस असतो. कोरडं असताना पानं मिटून देठाला चिकटलेली. पाणी शिंपडलं की बघता बघता उलगडतात. अंगावर वाळू पडली तरी हा पठ्ठ्या तिच्यातून डोकं वर काढतो.

त्यामागून क्लॅडोनिया ही शैवाकं. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही याच जातकुळीतलं. काहींना इवले पेले, काहींच्या कडेला लालभडक ठिपके. झुडपासारखी राखाडी शैवाकं सगळ्यात उशिरा येतात. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात आणि साधारण वर्षाला एकदा फुटवा घेतात, म्हणून फांद्यांचे टप्पे मोजून वयाचा अंदाज करता येतो. उन्हात मात्र इतकी ठिसूळ, की एका बेसावध पावलात कित्येक वर्षांचा चुरा.

पण वाळू पुरती स्थिरावली की गवत, हेदर आणि पाइनची रोपं शिरतात, सावली पडते आणि शैवाकांचे दिवस भरतात. म्हणून इथे वारा हवाच.

त्यात हवाही बदलली. शैवाकाला मुळं नाहीत. जे मिळतं ते पावसातून आणि हवेतून. गोठ्यांतला अमोनिया आणि वाहनांचा धूर यांमुळे नायट्रोजन वाढला आणि फावलं ते कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस या दक्षिण गोलार्धातल्या मॉसचं. ब्रिटनमध्ये ते १९४१ साली सापडलं, नेदरलँड्समध्ये १९६१ साली. त्याच्या दाट चटईखाली छोटी शैवाकं गुदमरतात. गंमत अशी, की काही ठिकाणी त्याच चटया जुन्या झाल्यावर त्यांच्यावर क्लॅडोनिया पुन्हा चढताना दिसली आहे. परकं म्हणून ते सरसकट उपटावं, असं मला तरी वाटत नाही. शिवाय उपटताना तुटलेले तुकडे पुन्हा रुजतात.