तो घालणार नाही, तरी विणलेला स्वेटर

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली की आपल्या हातात लोकर आणि सुया येतात. कुणासाठी विणायचं ते आधीच ठरलेलं असतं. मुलासाठी, ह्यांच्यासाठी, नाहीतर नणंदेच्या होऊ घातलेल्या बाळासाठी. पण समजा, ज्याच्यासाठी विणायचं तो माणूस तो स्वेटर कधीच अंगात घालणार नाही, हे पक्कं ठाऊक आहे. तरी तुम्ही एक टाका तरी घालाल का?

जपानमधली एक बाई घालते. गाण्यातली बाई, बरं का! उत्तरेकडच्या गारठ्यात, प्रवाशांनी उतरायच्या एका घरी ती एकटीच बसली आहे. त्याचं प्रेम संपलंय, हिचं संपत नाही. म्हणून ती विणते आहे. 'किता नो यादो कारा' हे त्या गाण्याचं नाव. १९७५ च्या डिसेंबरात मियाको हारुमी या गायिकेनं ते गायलं आणि पुढच्या वर्षी त्याला 'जपान रेकॉर्ड अवॉर्ड' हा तिथला मोठा मान मिळाला.

तुम्ही म्हणाल, ही बाई कुठून जपानला पोचली? सांगते. माझी भाची पुण्याला कॉलेजात आहे, हौसेनं जपानी शिकते. दिवाळीला आमच्याकडे आली ती अगदी मिटून गेलेली. चकलीला हात नाही, फराळाला हात नाही, सदा कानात इअरफोन. दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी माझ्यातली शिक्षिका जागी झाली. "अगं, काय चाललंय हे? अभ्यासाचं वय हे!" पोरीनं उत्तर दिलं नाही. एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला आणि म्हणाली, "मावशी, अर्थ सांगू?"

त्या रात्री भांडी तशीच राहिली. आम्ही दोघी गाणी ऐकत बसलो.

एकतर्फी प्रेमाला जपानीत 'काताओमोई' म्हणतात. 'काता' म्हणजे एकच बाजू, 'ओमोई' म्हणजे मनातली भावना. त्यांच्याकडे यासाठी एक छान उपमा आहे. कोकणातल्या मैत्रिणींना चटकन कळेल. तिसरीला दोन शिंपा असतात, एकमेकींवर घट्ट मिटलेल्या. पण 'आवाबी' नावाच्या समुद्रातल्या जिवाला एकच शिंप. बघणाऱ्याला वाटावं, दुसरी कुठे हरवली? म्हणून एका बाजूचं प्रेम ते आवाबीचं प्रेम. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या त्यांच्या जुन्या काव्यसंग्रहातसुद्धा ही उपमा आहे. म्हणजे हे दुखणं काही आजकालच्या पोरींचं नाही!

खरं सांगू? आपल्याकडे 'एकतर्फी प्रेम' हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की मी धसकतेच. कारण पुढचा शब्द बहुधा 'हल्ला' असतो. नकार पचवता न आलेला कुणी मुलगा आणि भोगणारी मुलगी. त्यामुळे हे शब्द ऐकले की आपण आया-मावश्या आधी घाबरतो आणि मग रागावतो. भाचीवर मी रागावले ते त्यामुळेच. या गाण्यांत मात्र प्रेम करणारी बाई कुणाचं काही हिसकावत नाही. दुखतं ते तिचं, आणि ते ती स्वतःच सांभाळते.

सगळ्याच रडतात असंही नाही हं! 'माचीबुसे' म्हणजे दबा धरून वाट बघणं. हे गाणं आराई युमी या गीतकार-संगीतकार बाईंनी रचलं. १९७६ मध्ये मिकी सेइको हिनं ते गायलं, पण घराघरांत पोचलं ते १९८१ मध्ये, इशिकावा हितोमीच्या आवाजात. यातली मुलगी आपण होऊन बोलायला जाणार नाही म्हणते. पण योगायोगानं भेट झाली असं दाखवत घरच्या वाटेवर उभी राहते आणि दुसऱ्या कुणाचं प्रेमपत्र मुद्दाम त्याच्या नजरेस पाडते! आम्ही दोघी खूप हसलो. तीन दिवसांत पोर पहिल्यांदा हसली.

दुसरं 'मात्सु वा', म्हणजे 'मी थांबेन'. नागोयाच्या महिला विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी 'आमिंग' या नावानं ते गायलं. त्यांच्यातल्याच ओकामुरा ताकाको या मुलीनं ते लिहिलेलं. १९८२ साली जपानमध्ये सगळ्यांत जास्त खपलेली तबकडी हीच. चाल अशी गोड, की लहान मुलांचं गाणं वाटावं. अर्थ मात्र गोड नाही. त्यानं वळून पाहिलं नाही तरी ती थांबणार आहे, दुसरी कुणी त्याला नाकारेल त्या दिवसापर्यंत.

आणि तिसरं 'हारु नानोनी', म्हणजे 'वसंत असूनही'. नाकाजिमा मियुकी यांनी लिहिलेलं हे गाणं १९८३ मध्ये काशिवाबारा योशिए हिनं गायलं. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. निरोपाच्या दिवशी मुली आवडत्या मुलाकडे त्याच्या गणवेशाचं दुसरं बटण मागतात. दुसरंच का? तर ते काळजाच्या सर्वांत जवळ असतं म्हणून. या गाण्यात असं आठवणीचं बटण आहे. बघा, एवढंसं बटण! पण ते मागायला किती धीर लागत असेल!

आता माझ्या मनात आलेली शंकाही सांगते. बाईनं नुसतं थांबायचं, झुरायचं, विणायचं, हे काय म्हणून? स्वेटरचं गाणं लिहिणारे आकू यू पुरुषच होते. बाईचं झुरणं पुरुषांना गोड वाटतं, हे आपल्याला नवीन नाही. पण बाकीची तिन्ही गाणी बायकांनी स्वतः लिहिली आहेत. त्यांत बाई थांबते, पण कुढता कुढता स्वतःला हसतेही.

शिवाय गाण्यातली बाई थांबली, तरी गाणारी थांबली नाही. मियाको हारुमींनी १९८४ मध्ये, भर कीर्तीत असताना, आता चारचौघींसारखी साधी बाई व्हायचंय असं सांगून गाणं सोडलं. १९९० मध्ये स्वतःच्या मर्जीनं त्या परतल्या. आमिंगच्या मुली १९८३ मध्ये थांबल्या. पुढे ओकामुरा एकटीनं गाऊ लागली आणि २००७ मध्ये दोघी पुन्हा एकत्र आल्या.

ही गाणी तिकडे नुसती ऐकायची नसतात, गायचीही असतात. 'काराओके' हा शब्द आपण ऐकतो ना? 'कारा' म्हणजे रिकामा, 'ओके' म्हणजे ऑर्केस्ट्रा. कोबे शहरात इनोउए दाइसुके यांनी १९७१ मध्ये असं यंत्र बनवलं. वाद्यं वाजतात, गाणाऱ्याची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत कुणीही साधी बाई आपलं दुखणं गाऊन घेते आणि घरी जाते. आपल्या आज्यांना त्यासाठी जातं होतं, ओव्या होत्या. आपल्या मुलींना काय आहे?

भाचीला मी शेवटी उपदेश केला नाही. एक गोष्ट सांगितली. बी.ए.ला असताना ग्रंथालयात समोरच्या टेबलाशी एक जण बसायचा. तीन वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढे लग्न झालं, संसार झाला, सुखाचा झाला. पण ती तीन वर्षं खोटी नव्हती. (हा लेख ह्यांना वाचायला दिलाय, तेव्हा काळजी नसावी!)

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यानं नाही म्हटलंय, मावशी. स्पष्ट." मी म्हटलं, "मग ते ऐकायचं. पण तुझं दुखतंय ते लपवायचं कारण नाही." सकाळी तिनं आपण होऊन चकलीचा डबा उघडला.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली मुलगी अशी मिटून बसली तर आधी "कोण तो?" म्हणून उलटतपासणी नको. तिच्या शेजारी बसा. दुसरा इअरफोन मागा. आणि मुलगा मिटून बसला असेल, तर त्याच्याजवळही असंच बसा. नकार ऐकून घ्यायचा असतो, दुखलं तर रडायचं असतं, हे त्यालाही घरातच शिकू दे. उद्या त्यामुळे कुणाची तरी मुलगी निर्धास्त घरी येईल.