गीतांमधील निरोप आणि त्याचा अर्थ

परभाषेतील गीताचा अर्थ शब्दकोशाच्या साह्याने लावता येतो, असा समज सर्वत्र आढळतो. गीतांच्या मध्ये येणाऱ्या गद्य भागाविषयी तर तो अधिकच दृढ असतो. कारण त्यात यमक नाही, अलंकार नाही. परंतु हा भाग दिसतो तितका सोपा नसतो, हे आम्ही एका रशियन उदाहरणावरून दाखवू इच्छितो.

लयीत भराभर बोलून म्हणावयाच्या गीतप्रकारास ‘रॅप’ म्हणतात. ऑक्सिमिरोन या रशियन कवि-गायकाची ‘गोरगोरोद’ ही गीतमालिका २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत मार्क नावाच्या लेखकाची कथा आहे. गीतांच्या दरम्यान, मार्कच्या लेखनाचे व्यवहार पाहणाऱ्या कीरा नावाच्या स्त्रीने दूरध्वनीवर ठेवलेले निरोप ऐकू येतात. केवळ शब्दार्थ घेतला तर ही कामकाजाची बोलणी ठरतात. पण निरोप ठेवावा लागतो, याचा अर्थच मार्क दूरध्वनी उचलीत नाही, असा होतो. तो का उचलीत नाही, याचे उत्तर मागच्यापुढच्या गीतांत शोधावयाचे असते. ते शोधल्यावाचून निरोपाचे भाषांतर निर्दोष होईल, पण अर्थ हाती लागणार नाही.

आता हीच कसोटी उलट बाजूने लावून पाहू. १९६१ साली रशियाचा प्रवास करून आलेल्या अण्णा भाऊ साठे यांची मैनेवरील छक्कड एखादा रशियन वाचक कोश घेऊन वाचू लागला, अशी कल्पना करा. मैना म्हणजे पक्षी, हे त्यास कोश सांगेल. ती येथे मुंबईस पोटासाठी आलेल्या श्रमिकाची गावी राहिलेली पत्नी आहे, हे त्यास संदर्भाने उमगेल. पण पुढे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येताच तो अडखळेल. बेळगाव व कारवार १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले आणि डांग व उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत राहिले, हे ज्यास ठाऊक नाही, त्यास ती केवळ गावांची यादी वाटणार. ज्यास ठाऊक आहे, त्यास मात्र पत्नीचा विरह आणि प्रदेशाचा विरह एकच असल्याचे कळेल.

खानापूर तालुक्यातील आमच्या जांबोटीत ही नावे ऐकताच जुन्या पिढीचे डोळे पाणावत; तिला टीपेची गरज नव्हती. आज वर्गातील मुलांना पहिला विरह सहज समजतो. कारण त्यांचे वडील, भाऊ कामासाठी गोव्यास नाहीतर पुण्यास गेलेले असतात. दुसरा मात्र समजावून द्यावा लागतो. म्हणजे आपल्याच गीताच्या बाबतीत आपली मुले हळूहळू त्या रशियन वाचकाच्या जागी येऊन बसत आहेत.

म्हणून अर्थ लावणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत : कोण कोणाशी बोलतो आहे? मागेपुढे काय गायिले आहे? आणि पहिल्या श्रोत्यांना न सांगता काय ठाऊक होते? यांतील तिसऱ्याचे उत्तर कोशात मिळत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच ते वेळीच सांगून ठेवले पाहिजे.