लॅपटॉप खरेच म्हातारा होतो का?

आमच्या घरी २०१४ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. गेल्या दिवाळीत तो सुरू केला, तर चहा करून पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच होते. ‘द्या भंगारात’, असा घरच्यांचा निकाल. पण प्रश्न पडला, या यंत्रात झिजले तरी काय?

बॅटरी क्षीण होते, हे खरे. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो, हेही खरे. पण धूळ साफ केल्यावर तो पहिल्याइतकाच वेगाने आकडेमोड करतो. मग मंदपणा येतो कुठून?

समजा, तुम्ही वह्या तपासत आहात. टेबल म्हणजे संगणकाची रॅम आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. नव्या प्रणाली आणि नवे प्रोग्रॅम जास्त जागा मागतात. टेबल मात्र तेवढेच, आमचे ४ जीबीचे. मग एक वही कपाटात ठेवून दुसरी आणायची, अशी ये-जा सुरू होते.

ही ये-जा किती महाग पडते? लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. त्यात सुई सरकण्याचा वेळ मिळवला की साधारण १५ मिलिसेकंद होतात. रॅमला लागतो सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग! टेबलावरची वही घ्यायला एक सेकंद लागतो असे मानले, तर कपाटातली आणायला दीड लाख सेकंद, म्हणजे पावणेदोन दिवस लागतील. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. याच हिशेबाने तिला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. म्हणून आधी डिस्क बदलावी आणि शक्य असेल तर रॅम वाढवावी.

आता कार्यप्रणालीचे पाहू. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र इंटरनेटला जोडणे धोक्याचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. २०१४ चे यंत्र त्यात बसत नाही. उरतो लिनक्सचा मार्ग. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली याच्या गाभ्याची सुरुवात केली. त्यावर उभारलेली लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली ४ जीबी रॅममध्ये नीट चालते.

हा प्रयोग निर्धोकपणे करता येतो. प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर, मराठी टंकलेखन हे सारे तपासायचे. ‘इन्स्टॉल’ निवडेपर्यंत डिस्कवरचे काहीच बदलत नाही. निवडून पूर्ण डिस्क पुसायला सांगितली, की मात्र सगळे जाते: निकालपत्रके, फोटो, सगळे.

इथे मी थोडक्यात वाचलो. ‘बॅकअप’ घेतला होता. सहज म्हणून तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडला, तर काय? मी फोल्डरची नव्हे, त्याच्या शॉर्टकटची नक्कल केली होती! घराऐवजी घराचा पत्ताच सोबत घेतला होता म्हणा ना. तेव्हापासून नियम केला: दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे म्हणायचे नाही.

आणखी एक अडचण शिक्षकांना हमखास येईल. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमधील प्रश्नपत्रिका नव्या प्रणालीत अगम्य अक्षरे दाखवतील. त्या आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. फक्त विंडोजवर चालणारे एखादे सॉफ्टवेअर अत्यावश्यक असेल, तर मात्र हा मार्ग सोडावा.

आमचा लॅपटॉप आता मिनिटाच्या आत सुरू होतो. तुमच्या शाळेच्या कपाटातही असा एखादा असेल. भंगारात देण्यापूर्वी मुलांना घेऊन तो उघडा. सुरू व्हायला लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजा. कोणत्या बदलाने किती फरक पडला, हे मुलांनाच शोधू द्या.