दोन बाइटांत पन्नास जीबी

सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झालेली, जेमतेम दोन-तीन जीबी शिल्लक, आणि विंडोज अपडेट जागा नाही म्हणून अडून बसलेलं. खाली डी ड्राइव्ह मात्र जवळपास रिकामा. असं चित्र कित्येक घरच्या कॉम्प्युटरवर दिसतं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने कधीतरी सीला शंभर जीबी पुष्कळ होतील असं ठरवलेलं असतं, आणि ते तसंच राहतं. कॅबिनेट उघडलं तर आत बहुतेक वेळा डिस्क एकच निघते. तिच्या तबकडीवर रेघ नाही, मध्ये पडदा नाही. मग सी संपून डी सुरू होतो, तो नेमका कुठे?

तो फक्त लिहिलेला असतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत. त्यातला बहुतेक भाग कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए ही ठरलेली खूण. त्याआधीच्या ६४ बाइटांत पार्टिशनांच्या, म्हणजे सी-डीसारख्या वाट्यांच्या, चार नोंदी, प्रत्येक नोंद १६ बाइटांची. सातबाऱ्यावरचं क्षेत्र बदललं तरी शेतातलं ढेकूळही हलत नाही, तसाच हा कारभार आहे.

एक नोंद जवळून पाहू. पहिला बाइट ८० असेल तर या पार्टिशनवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. पुढे एका बाइटात पार्टिशनचा प्रकार असतो. विंडोजच्या एनटीएफएससाठी ०७, लिनक्ससाठी ८३. खरी मजा शेवटच्या आठ बाइटांत आहे. चार बाइट सांगतात पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतं, चार सांगतात त्यात किती सेक्टर आहेत. शंभर जीबीच्या (१०२४च्या हिशेबाने) पार्टिशनमध्ये २०,९७,१५,२०० सेक्टर असतात. नोंदीत हा आकडा '०० ०० ८० ०सी' असा दिसतो. इथे मोजणी सोळाच्या पटीत, म्हणून नऊनंतर ए, बी, सी हेही अंकच. शिवाय आकडा उलटा, लहान टोकाकडून लिहिलेला. आता हेच पार्टिशन दीडशे जीबीचं केलं तर तिथे येतं '०० ०० सी० १२'. पन्नास जीबी वाढले, आणि या रकान्यात बदलले दोन बाइट!

ही पद्धत १९८३ची. आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर हा तक्ता आला. एकाच डिस्कवर निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने नांदाव्यात, हा हेतू. १० एमबीचे चारच्या वर वाटे कोण करणार, असं तेव्हा वाटलं असेल तर नवल नाही. सेक्टर मोजायला चार बाइटच असल्याने ही पद्धत सुमारे दोन टीबीपर्यंतच पोचते. आजकालच्या कॉम्प्युटरवर जीपीटी नावाचा नवा तक्ता असतो. त्यात साधारण १२८ नोंदी मावतात, आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. जुना पहिला सेक्टर तरीही रिकामा सोडत नाहीत. तिथे अख्खी डिस्क व्यापलेली आहे अशी एक खोटी नोंद मुद्दाम लिहितात, नाहीतर एखादं जुनं सॉफ्टवेअर डिस्क कोरी समजून तिच्यावर हात मारायचं. असा शहाणा खोटेपणा मला फार आवडतो.

पण हद्द बदलली म्हणून जागा वापरता येतेच असं नाही. पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिमचं स्वतःचं खातं असतं. एनटीएफएस आपली जागा बहुधा ४ केबीच्या क्लस्टरांत मोजते आणि प्रत्येक क्लस्टरसाठी एकच बिट राखते: भरलेला असेल तर १, मोकळा असेल तर ०. शंभर जीबीचा हा नकाशा जेमतेम तीन एमबीत बसतो, मोबाइलवरच्या एका फोटोएवढ्या जागेत. पार्टिशन वाढवताना आधी तक्त्यातली हद्द सरकवायची, मग फाइल सिस्टिमला सांगायचं की तुझा नकाशा लांबव. लहान करताना उलट: आधी शेपटाकडच्या फाइली आत ओढून घ्यायच्या, मग हद्द. क्रम चुकला तर फाइली हद्दीबाहेर राहतात.

म्हणूनच उजवीकडे वाढणं काही सेकंदांचं काम असतं. अडचण वेगळीच आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीवर 'श्रिंक' केलं, की मोकळी जागा डीच्या उजव्या टोकाला पडते. सीला हवी असते ती स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे डीच्या डाव्या अंगाला. मध्ये डी आडवा! मग 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं आणि माणूस चक्रावतो. कधी कधी दोघांच्या मध्ये विंडोजचं छोटंसं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं, तेवढंही पुरतं.

आता डीलाच उजवीकडे सरकवायला हवं, आणि इथे दोन बाइटांची चलाखी चालत नाही. डीमधल्या फाइलींचे पत्ते डीच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात. सुरुवात हलली, की आतला सगळा डेटा तेवढाच हलवावा लागतो. जीपार्टेडसारखा प्रोग्रॅम हे काम नेटाने करतो. उजवीकडे सरकवायचं तर तो शेवटच्या टोकापासून उचलायला लागतो. पहिल्यापासून सुरू केलं तर न वाचलेल्या डेटावरच नवा डेटा पडेल. दोनशे जीबी वाचून पुन्हा लिहायचे म्हणजे सेकंदाला शंभर एमबीच्या वेगानेही तास उलटून जातो. त्यात वीज गेली तर डी अर्धा जुन्या जागी, अर्धा नव्या. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊ नये. डीमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर काढायचा, डी उडवायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत डी नव्याने करायचा, हाच मार्ग मला बरा वाटतो. मधलं रिकव्हरी पार्टिशन असेल तर हा मार्गही अडतो. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी.

श्रिंकचीही एक खोड आहे. डी किंवा सी अर्धा मोकळा असूनही विंडोज मोजकीच जागा काढून देतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती या गोष्टी चालू विंडोजला हलवता येत नाहीत, आणि त्यातली एखादी टोकाला जाऊन बसली असेल तर हद्द तिच्याअलीकडे येत नाही.

उलट, चुकून पार्टिशनची नोंदच उडाली तरी फाइली लगेच जात नाहीत. टेस्टडिस्क नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम डिस्क चाळत जातो, फाइल सिस्टिमच्या सुरुवातीच्या खुणा हुडकतो आणि तक्ता पुन्हा लिहून देतो. अट एकच, मधल्या काळात तिथे काही नवं लिहिलेलं नसावं.

फिरत्या तबकडीवर डावं-उजवं याला थोडा तरी अर्थ होता. पहिले सेक्टर तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतात. तिथले वेढे मोठे, प्रत्येकात सेक्टर जास्त, म्हणून डिस्कची सुरुवात शेवटापेक्षा वेगवान. एसएसडीत तेही उरलेलं नाही. तिचा कंट्रोलर प्रत्येक नवं लिखाण मोकळ्या पानावर टाकतो आणि कोणत्या क्रमांकाचा डेटा कुठल्या चिपवर आहे, याची वही स्वतःपाशी ठेवतो. सीतली एक फाइल आणि डीतला एक फोटो एकाच चिपवर शेजारी शेजारी असू शकतात. तरी 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच राहतं, कारण विंडोजला दिसतात ते नुसते क्रमांक, आणि सीच्या शेवटच्या क्रमांकापुढचा क्रमांक डीचा असतो.