पेंडीतले नत्र जाते कोठे?

जास्त पेंड म्हणजे जास्त दूध, हा गोठ्यातील नेहमीचा हिशेब अर्धाच खरा आहे. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असते. गाईने खाल्लेल्या नत्रापैकी साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो. उरलेले बहुतांश शेण व मूत्रावाटे बाहेर पडते, आणि त्याची किंमत पशुपालकाने आधीच मोजलेली असते.

कोठीपोटातील सूक्ष्मजीव खाद्यातील बरीचशी प्रथिने फोडून त्यांची अमिनो आम्ले व पुढे अमोनिया करतात. त्याच अमोनियापासून ते स्वतःची प्रथिने घडवितात, आणि हे सूक्ष्मजीव पुढे आतड्यात पचून गाईला उत्तम प्रथिने पुरवितात. मात्र या घडणीस ऊर्जा लागते. मक्या-ज्वारीतील पिष्ट किंवा मळीतील साखर त्याच वेळी उपलब्ध नसल्यास शिल्लक अमोनिया रक्तात शिरतो.

अमोनिया मेंदूला घातक असल्याने यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. हे चक्र हान्स क्रेब्स व कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. या कामी शरीराची ऊर्जा खर्च होते; म्हणजे अनाठायी पेंड दुधाला लागणारी ऊर्जाही काही अंशी खाते. तयार झालेला युरिया मूत्रपिंडांवाटे बाहेर जातो, पण सगळा नव्हे. काही भाग लाळेतून व कोठीपोटाच्या भिंतीतून परत येऊन सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडतो. निकृष्ट कडब्यावर जनावर तग धरते, त्यामागे ही काटकसरही आहे.

रक्तातील युरिया दुधातही उतरतो. त्यामुळे दूध हा स्वस्त आरसा ठरतो. १०० मिलिलिटर दुधात युरियारूपी नत्र सर्वसाधारणपणे १० ते १६ मिलिग्रॅम असते. सतत अधिक आढळल्यास प्रथिने जास्त किंवा ऊर्जा कमी पडते आहे, असे समजावे. अशा गाई गाभण राहण्यातही अडचण येऊ शकते. फारच कमी आढळल्यास प्रथिनांची तूट संभवते. एका गाईच्या एका नमुन्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. गटाची सरासरी पाहावी.

हेच शास्त्र खाद्यात युरिया मिसळताना विसरले जाते. एकूण शुष्क आहाराच्या १ टक्क्यापेक्षा अधिक युरिया देऊ नये, तो नीट मिसळावा, हळूहळू सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना तो वर्ज्य. कच्च्या सोयाबीनसोबतही देऊ नये, कारण त्यातील युरिएज विकर युरियाचा झपाट्याने अमोनिया करते. थरथर, फेसाळ लाळ, पोटफुगी दिसताच पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.