भिंतीवरची ओल कोठून येते?

हेश्वानच्या सात तारखेपासून या देशात प्रार्थनेत पावसाची मागणी सुरू होते, आणि त्यानंतर दोन पाहुणे जोडीने येतात. पहिला पाऊस. त्याची वाट नेगेवपासून गालीलपर्यंत प्रत्येक जण पाहत असतो. दुसरा पाहुणा मात्र कोणालाच नको असतो. तो म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या भिंतींवर उमटणारी काळी बुरशी. किस्लेव संपता संपता ती निजण्याच्या खोलीच्या वरच्या कोपऱ्यात दिसू लागते, तेवेतमध्ये कपाटामागे पसरते आणि शेवातमध्ये कपड्यांना व गाद्यांना कुबट वास येऊ लागतो. मग पेसाहच्या साफसफाईत भिंत खरवडली जाते, वर पांढरा रंग चढतो, आणि पुढल्या हिवाळ्यात तीच नक्षी त्याच जागी पुन्हा उमटते.

या बुरशीने आपल्या समाजातील कित्येक गृहिणींना विनाकारण मान खाली घालावयास लावली आहे. पाहुणे येणार म्हटले की डागावर कॅलेंडर टांगावयाचे, कपाट सरकवून कोपरा झाकावयाचा, हे प्रकार आपणांस नवे नाहीत. कोणी सासू सुनेला, कोणी शेजारीण शेजारणीला “घर स्वच्छ ठेवीत नाही” असे सहज बोलून जाते. वाचक बंधु-भगिनींनो, म्हणून प्रारंभीच स्पष्ट सांगते की ही बुरशी अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. दिवसातून दोनदा स्पोंजा करणाऱ्या घरातही ती येते. तिचे मूळ घराच्या बांधणीत आणि हवेच्या गुणधर्मात आहे. मी शिक्षिका आहे, गवंडी वा अभियंता नव्हे. परंतु हा प्रश्न समजण्यास शालेय विज्ञान पुरेसे आहे, आणि तो एकदा समजला की उपायावर होणारा निम्मा वायफळ खर्च वाचतो.

घाईने उभी राहिलेली घरे

१९४८ ते १९५१ या अवघ्या साडेतीन वर्षांत इस्राएलमधील ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. तंबूंच्या आणि पत्र्यांच्या माआबारांतून माणसांना पक्क्या छपराखाली आणणे हीच त्या काळाची निकड होती. त्यातून पन्नासच्या आणि साठच्या दशकांत दिमोना, येरुहाम, बेएर शेवा, अश्दोद, लोद, रामले अशा गावांत ‘शिकून’ उभे राहिले. या शब्दाने मराठी कानाला कोणी काही शिकून आल्यासारखे वाटते. पण उष्णता राखण्याचा धडा मात्र ही घरे शिकली नव्हती. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची सुमारे वीस सेंटिमीटर जाडीची भिंत, दोन्ही अंगांना गिलावा, वर सपाट काँक्रीटची गच्ची, खिडकीला एकेरी काच, एवढाच सारा सरंजाम. नव्या निवासी इमारतींत उष्णतारोधन सक्तीचे झाले ते १९८०च्या दशकात. त्यापूर्वीच्या बहुतेक घरांना थंडीपासून वाचविणारा थरच नाही.

आपल्या वाडवडिलांना ओलीची ओळख नव्हती असे नाही. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत मृगापूर्वी घर शाकारले जाई, फुटकी कौले बदलली जात आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. कोकणातील ओल बाहेरून येणारी. तिला बाहेरच अडवावे लागे. परंतु तेथील हिवाळा सौम्य, दारे-खिडक्या उघड्या आणि कौलारू छपरातून हवा खेळती. आपण येथे आलो ते तोच समज घेऊन, की ओल म्हणजे बाहेरचे पाणी. म्हणून थंडी पडताच खिडक्या बंद करतो, त्रिस खाली ओढतो, फटीत कापड कोंबतो. बाहेरचे पाणी त्याने अडत असेल. पण या देशातील जुन्या घरांत ओलीचा एक फार मोठा वाटा आतून, आपल्या श्वासातून आणि आपल्या भाताच्या पातेल्यातून येतो.

हवा पाणी कसे सोडते

ऊबदार हवा पाण्याची वाफ अधिक धरते, थंड हवा कमी धरते. २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प सांभाळू शकते. १० अंशांवर तीच हवा केवळ ९ ग्रॅमच्या आसपास. खोलीतील ऊबदार हवा थंड भिंतीला टेकली की जास्तीचे पाणी भिंतीवर सोडून देते. पहाटे गवतावर जे दव पडते तेच हे दव. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांपर्यंत निवलेल्या पृष्ठभागावर थेंब जमतात. बुरशीला तर थेंबांचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिचे भागते. त्याच खोलीत भिंत १५ अंशांपर्यंत उतरली तरी ही स्थिती येते. उत्तरेची भिंत, काँक्रीटचे खांब व तुळया, छताचे कोपरे आणि कपाटामागील जागा सर्वांत थंड असतात. म्हणून नक्षी तेथेच उमटते.

आता हे बाष्प येते कोठून? चार माणसांच्या कुटुंबातून श्वास, घाम, स्वयंपाक, अंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाकाठी आठ-दहा लिटर पाणी हवेत जाऊ शकते. शुक्रवारी दुपारी खिडक्या बंद करून आपण भात शिजवितो, कालवण उकळवितो, सर्वांच्या अंघोळी होतात. शब्बाथभर पाण्याचे भांडे वाफाळत राहते. शनिवारी सकाळी काचांवरून पाणी ओघळताना दिसले तर नवल ते काय! त्यात घासलेटचा किंवा गॅसचा धुराड्याविना पेटणारा हीटर असेल तर भर पडते. एक लिटर घासलेट जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात सोडते आणि एक किलो गॅस सुमारे दीड लिटर. अशी ऊब भिंत वाळवीत नाही, उलट भिजविते.

आधी निदान, मग औषध

वायिक्राच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतींवर उमटणाऱ्या हिरवट व तांबूस चट्ट्यांचा विधी आहे. ते चट्टे आणि आपली बुरशी एकच, असे माझे म्हणणे नाही. पण तेथील क्रम मननीय आहे. कोहेन प्रथम पाहणी करतो, सात दिवस घर बंद ठेवून डाग पसरतो का ते पाहतो, मग दगड काढवितो, गिलावा खरवडवितो, आणि त्यानंतरही डाग परत येतो का ते पुन्हा पाहतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी रंगाचा डबा उघडतो.

निदानाची रीत सोपी आहे. पावसानंतर एक-दोन दिवसांत वाढणारा, तपकिरी कडा असलेला डाग बहुधा गळतीचा असतो. पाऊस नसतानाही थंड रात्रींनंतर कोपऱ्यात वाढणारे काळे ठिपके आतील बाष्पाचे. तळमजल्यावर जमिनीलगत गिलाव्याचे पोपडे सुटून पांढरा लोणा दिसत असेल, तर पाणी जमिनीतून चढते आहे. संशय राहिल्यास भिंतीचा भाग पुसून कोरडा करावा आणि हातभर चौरस अॅल्युमिनियमचा कागद चारी कडा चिकटपट्टीने बंद करून लावावा. दोन दिवसांनी खोलीकडील बाजू ओली झाली तर पाणी हवेतून आले. मागील बाजू ओली झाली तर भिंतीतून. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ही परीक्षा विशेष उपयोगी आहे. “तुम्हीच खिडक्या उघडीत नाही” असे उत्तर मिळाले, तर तारखेसह छायाचित्र आणि लेखी तक्रार हाताशी असावी.

बाहेरच्या ओलीचे उपाय

गळती असेल तर सुरुवात गच्चीपासून करावी, आणि तीही सुक्कोतपूर्वी. आपली जुनी शाकारणी या देशात त्या सुमारास बसते. पाणी वाहून नेणारी तोंडे पाला-कचऱ्याने बुजली आहेत का, उतार ठीक आहे का, डांबरी थराला फुगे किंवा भेगा आहेत का, हे पाहावे. १९८०पासून नव्या घरांना सौर बंब सक्तीचा झाला, आणि जुन्या गच्च्यांवरही तो सर्वत्र आला. त्याचे पाय व नळ जेथे थरातून आरपार जातात, तेथेच पुष्कळदा पाणी मुरते. भिंतीच्या आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीही बाहेरून भराव्यात. आतून कितीही लांबी भरली तरी पाणी दुसरी वाट शोधते.

आतल्या ओलीचे उपाय

येथे पहिला उपाय फुकट आहे, पण मनाला पटत नाही. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात, पावसाच्या दिवशीसुद्धा. बाहेर ८ अंशांची हवा ओलीचिंब असली, तरी आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते. ती घरातील वाफ पिऊन बाहेर जाते. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती निवत नाहीत. खिडकी दिवसभर किंचित उघडी ठेवल्याने मात्र भिंती गार पडतात. पातेल्यावर झाकण, स्वयंपाकघराचे व न्हाणीघराचे दार बंद, कपडे शक्यतो बाहेर आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर, एवढे पाळले तरी फरक दिसतो. जुन्या लाकडी खिडक्या काढून घट्ट अॅल्युमिनियमच्या बसविल्यावर बुरशी प्रथमच आली, असे अनेकांचे सांगणे असते. त्याचे कारण हेच, की जुन्या फटींतून जाणारी वाफ कोंडली गेली.

असलेली बुरशी पातळ केलेल्या अकोनोमिकाने पुसावी, पण खिडकी उघडी ठेवून, हातमोजे व तोंडाला फडके घालून. तिच्यात क्षार काढण्याचे आम्ल किंवा अमोनिया कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

भिंतीला स्वेटर

याउपरही भिंत थंडच राहत असेल, तर उष्णतारोधन करावे लागते. ज्याला येथे सारे ‘कलकर’ म्हणतात, त्याचा तीन सेंटिमीटरचा थर उष्णता अडविण्यात सुमारे दीड मीटर जाडीच्या भरीव काँक्रीटच्या तोडीचा असतो. हा थर बाहेरून लावणे सर्वोत्तम, कारण मग भिंत स्वतःच ऊबदार राहते. मात्र त्यासाठी साऱ्या इमारतीने एकत्र यावे लागते, परवानगी घ्यावी लागते, आणि ‘वाद हाबायित’मधील ‘वाद’ मराठी अर्थाने घेऊन चालत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी प्रथम गच्चीकडे पाहावे. पाणी न शोषणाऱ्या दाट जातीचे तक्ते तेथे बसवितात. त्यांचा लाभ उन्हाळ्यातही होतो.

आतून थर लावावयाचा झाल्यास तीन पथ्ये आहेत. गळती आधी थांबलेली असावी. थर भिंतीला पूर्ण चिकटलेला, सांध्यांत फट नसलेला असावा. अन्यथा वाफ मागे शिरते, मागील भिंत पूर्वीपेक्षा थंड असल्याने तेथे पाणी होते आणि बुरशी दृष्टीआड वाढते. तिसरे पथ्य जिवाचे आहे. कलकर उघडा ठेवू नये, छताला शोभेच्या तुकड्यांच्या रूपानेही नाही. आग लागल्यास त्याचा धूर प्राणघातक ठरतो. त्यावर गिलावा किंवा गेवेसचा तक्ता हवाच.

ही ऊब कोणासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढून दम्याशी व श्वसनविकारांशी असलेला त्यांचा संबंध मांडला. २०१८ मध्ये तिने थंड ऋतूत घराचे तापमान किमान १८ अंश असावे, वृद्ध व लहान मुले असल्यास त्याहून अधिक, असे सुचविले. दिमोनातील एखाद्या आजी दोन स्वेटर आणि शाल घेऊन बसतात, वीज वाचवितात आणि “मला सवय आहे” म्हणतात. त्या पिढीने माआबाराचा चिखल पाहिला. सोसणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे. पण सोसल्याने फुप्फुसे बळकट होत नाहीत. तारांच्या हीटरपेक्षा मझगान तेवढ्याच विजेत सुमारे तिप्पट उष्णता देतो, हे त्यांना मुलांनीच सांगावे आणि बसवूनही द्यावे. ज्यांच्याकडे अजून घासलेटचा वा गॅसचा हीटर आहे, त्यांनी खिडकीची फट उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी तो विझवावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याने झोपेतच माणूस जातो.

पुढच्या शब्बाथला आई-वडिलांकडे जाल, तेव्हा त्यांच्या निजण्याच्या खोलीतील कपाट भिंतीपासून ओढून त्यामागे एकदा हात फिरवा. भिंत ओली लागली, तर रंगाऱ्याला बोलावू नका. आधी ते पाणी कोठून आले ते शोधा. उपाय त्यानंतर आपोआप सुचेल.