डहाणूची हलती जमीन आणि आपली घरे

१ फेब्रुवारी २०१९. शुक्रवारचा दिवस. सकाळपासून जमीन दोन-तीन वेळा हलून गेली होती. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात हे रोजचेच झाले होते. जुमाची नमाज आटोपून घरची माणसे जेवायला बसत होती. दोन वाजून गेले असतील, तोच जमिनीखालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज आला. मांडणीवरची भांडी खणखणली, कौलांतून माती गळली. आम्ही सगळे ताटावरून उठून एकाच दाराकडे धावलो.

अंगणात उभे राहून श्वास घेतला तेव्हा लक्षात आले की दादी बाहेर आल्याच नव्हत्या. ऐंशी ओलांडलेल्या दादी पलंगावर बसून होत्या. त्यांच्या डोक्यामागे लोखंडी कपाट आणि कपाटावर ट्रंका. काही झाले नाही, अल्लाहची मेहरबानी. पण त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली. एवढी शिकलेली माणसे घरात असून, जमीन हलली तर कोणी काय करायचे, हे तीन महिन्यांत एकदाही ठरवले नव्हते.

संध्याकाळी बातमी आली. त्या दिवशीचा सर्वांत मोठा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशीच्या धक्क्यांत दोन वर्षांची एक चिमुरडी गेली. तिच्यावर घर कोसळले नव्हते. घाबरून बाहेर पळताना ती पडली आणि डोक्याला मार लागला. ४.१ म्हणजे शास्त्राच्या हिशेबात लहानच धक्का. मग लेकरू गेले कशाने, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

हे धक्के कसले?

डहाणू म्हटले की लोकांना समुद्र आणि चिकूच्या वाड्या आठवतात. भूकंप आठवत नव्हता. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत धक्के सुरू झाले, तेव्हा पहिले काही दिवस लोक दगडखाणीतला सुरुंग समजत होते. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसवली, आणि लहान-लहान धक्क्यांची मोठी मालिकाच नोंदली गेली. अशा मालिकेत एक मोठा धक्का आणि मागून छोटे, असा क्रम नसतो. सारख्याच ताकदीचे पुष्कळ धक्के महिनोन्‌महिने येत राहतात.

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात जुन्या भेगा आहेत. त्या भेगांवर ताण साचतो आणि खडक थोडा-थोडा सरकतो. इथले बहुतेक धक्के जमिनीखाली अवघ्या काही किलोमीटरवर झाले. म्हणूनच अडीच-तीन तीव्रतेचा धक्काही इथे जाणवतो आणि त्याच्याबरोबर तो घाबरवणारा आवाज येतो. हाच धक्का फार खोल झाला असता तर आपल्याला कळलाही नसता.

दोन गैरसमज

शाळेत मुले विचारत, घरी बायका विचारत. सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य होते, 'लहान धक्के येताहेत ते बरेच आहे, जमिनीतला जोर निघून जातोय, मोठा आता येणार नाही.' ऐकायला दिलासा वाटतो. पण हिशेब करून पाहा. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. म्हणजे सहा तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघायला चार तीव्रतेचे सुमारे हजार धक्के लागतील. लहान धक्क्यांनी मोठ्याचा हिशेब मिटत नाही.

दुसरा गैरसमज नेमका उलटा. मोबाईलवर संदेश फिरायचे, 'आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप येणार, घरात झोपू नका.' हे संदेश वाचून कितीतरी कुटुंबांनी तान्ह्या मुलांना घेऊन थंडीत उघड्यावर रात्री काढल्या. भूकंपाची वेळ आणि तारीख आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. असा संदेश आला तर तो पुढे पाठवू नका, एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्या बुजुर्गांनी पाहिलेले

दादींचे माहेर चिपळूणकडचे. ११ डिसेंबर १९६७ची पहाट त्या अजून सांगतात. रमजानचे सुरुवातीचे दिवस होते. सेहरीसाठी चूल पेटवलेली, आणि चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, कोयनानगरची घरे झोपली. 'सेहरीला जागे होतो म्हणून बाहेर तरी पडता आले,' असे दादी म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत लोक जागे नव्हते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. तिथल्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जाडजूड दगडांच्या होत्या आणि वर मातीची जड धाबी. उन्हाळ्यात थंडावा देणारी ती घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले.

तिसरी गोष्ट आम्ही शिक्षक कधीच विसरू शकत नाही. २६ जानेवारी २००१ला कच्छच्या भूकंपात अंजार शहरात प्रजासत्ताक दिनाची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे मुलांवर पडली. १८५ मुले आणि २० शिक्षक गेले. मोकळ्या मैदानावर असती तर बहुतेक वाचली असती.

जमीन तिन्ही ठिकाणी हलली. पण जीव घेतला तो भिंतींनी, छपरांनी आणि अरुंद वाटांनी. डहाणूला कोयनेएवढा किंवा किल्लारीएवढा भूकंप होईलच असे कोणी म्हणत नाही. पण भिंत पक्की करणे आणि वाट मोकळी ठेवणे, हे भूकंपाच्या तारखेवर अवलंबून नाही.

आपली घरे कशी आहेत?

पाड्यांवर वारली बांधवांची जुनी घरे पाहा. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण. हे घर हलके असते, हलते आणि सावरते. लिंपण गळाले तरी माणूस चिरडत नाही. त्याच्याशेजारी पैसे वाचवून बांधलेले साडेचार इंची विटांचे 'पक्के' घर असते. त्यात ना कोपऱ्यात सळई, ना खिडक्या-दारांवरून चारही भिंतींना बांधून घेणारी सिमेंटची पट्टी. भेगा आधी तिथेच पडतात. विटांचे घर वाईट नसते, बांधून न घेतलेले घर वाईट असते. पायाशी एक आणि दारांच्या वर एक, अशा सळईच्या दोन सलग पट्ट्या आणि कोपऱ्यांत उभ्या सळया घातल्या तर तेच घर पेटीसारखे एकत्र हलते. नवे घर बांधणाऱ्यांनी फरशीवरचा खर्च थोडा कमी करावा आणि गवंड्याकडून ही पट्टी आधी घालून घ्यावी.

गावातल्या नव्या इमारतींत तळाला नुसते खांब आणि वर तीन मजले भिंती, अशी रचना दिसते. तळ कमजोर असेल तर धक्क्यात आधी तोच दबतो. खाडीकाठी भराव टाकून केलेल्या जागेवर आणखी काळजी हवी. ओली, भुसभुशीत जमीन धक्का वाढवते. अशा ठिकाणी फ्लॅट घेताना भाव विचारतो तसे अभियंत्याचे प्रमाणपत्रही मागावे.

किनाऱ्यावर राहतो म्हणून त्सुनामीची भीती मुले विचारतातच. हे धक्के जमिनीखालचे आणि लहान, त्यांनी समुद्र उसळत नाही. पण अरबी समुद्र अगदी निर्धोक आहे असेही नाही. २८ नोव्हेंबर १९४५ला मकरान किनाऱ्याजवळ आठ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला, तेव्हा लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. २००७पासून हैदराबादचे केंद्र त्सुनामीची पूर्वसूचना देते. तरी समुद्र अचानक खूप मागे हटलेला दिसला तर शिंपले वेचायला थांबू नये, उंचावर जावे.

चूक आमचीही होती

खरे सांगायचे तर शाळेत आम्ही सुरुवातीला मुलांना एकच शिकवले होते, घंटा वाजली की पळा. पहिल्याच सरावात जिन्यावर गर्दी झाली आणि दुसरीचा एक मुलगा पायऱ्यांवर पडला. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले. त्या चिमुरडीची बातमी ऐकल्यावर आम्ही सगळ्या शिक्षकांनी बसून पद्धत बदलली. आता मुले आधी बाकाखाली जातात, डोके झाकतात, बाकाचा पाय धरून राहतात. धक्का थांबल्यावर रांगेने, न धावता मैदानात येतात. लहान वर्गाच्या मुलाचा हात मोठ्या वर्गाच्या मुलाच्या हातात असतो.

घरी मात्र घर पाहून ठरवावे. पक्क्या, बांधून घेतलेल्या घरात किंवा वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडे धावू नका, मजबूत टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी डोके झाकून बसा. जुने, जड, भेगाळलेले घर असेल आणि दार दोन-चार पावलांवर असेल तर तडक मोकळ्या अंगणात जा. भिंत, विजेचे खांब आणि तारा यांच्यापासून लांब उभे राहा.

आमच्या घरात त्या शुक्रवारनंतर काही गोष्टी बदलल्या. कपाट भिंतीला पट्टीने जखडले, ट्रंका खाली आल्या. दादींचा पलंग कपाटापासून लांब, दाराजवळ आला. माळ्यावरची तांब्याची जड भांडी खालच्या फडताळात ठेवली. गॅसचा नॉब कोणी बंद करायचा, धाकट्याला कोणी उचलायचे, हे ठरले. दादींकडे मोठ्या मुलाने जायचे, तो घरी नसेल तर त्याच्या अम्मीने. दाराशेजारी खुंटीवर एक पिशवी असते, तिच्यात बॅटरी, दादींची औषधे, पाण्याची बाटली आणि कागदपत्रांच्या प्रती. या सगळ्याला एक रविवार आणि किरकोळ खर्च लागला.

वाचकहो, तुम्ही डहाणूत असा, चिपळुणात असा की लातुरात, आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना घेऊन एकदा घरभर फिरा. प्रत्येक पलंगाशी थांबा आणि डोक्यावर काय आहे ते वर पाहा. पडेल असे काही दिसले तर झोपण्यापूर्वी खाली उतरवा. आणि घरात कोणी दादी, कोणी तान्हे बाळ असेल तर त्यांच्याकडे कोणी जायचे, त्याचे नाव आजच ठरवा.